स्टॉक ५.३ ट्रकला नायट्रस बसवावं का? (सिल्व्हराडो २००४, अनुभवी मंडळींनी बोलावं)

बाळू_ह्यूस्टन (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच काढतोय. सांभाळून घ्या.

माझ्याकडे २००४ चा शेवरोले सिल्व्हराडो १५०० आहे. ५.३ लिटर व्ही-८ (एलएम७), ऑटोमॅटिक, १ लाख ४८ हजार मैल झालेत. इथे टेक्सासात ट्रक म्हणजे हा पिकअप, दहाचाकी नव्हे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद त्यातच जातील. इंजिन कारखान्यातून निघालं तसंच आहे, कागदोपत्री २९५ एचपी. ताकद वाढवणारा कॅम नाही, हेडर नाही, तेल मात्र वेळेवर बदललंय.

ऑफिसातला एकजण त्याचं वापरलेलं नायट्रस किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून ताकद वाढवायचं सामान) दोनशे डॉलरला देतोय. १० पौंडी बाटली, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह), एक नोझल, जेटची (माप ठरवणाऱ्या छिद्रांची) डबी आणि वायरींचा गुंता. वेट किट आहे म्हणतो.

रस्त्यावर वापरणार नाही, शप्पथ. मुलगा सोळाचा झालाय आणि त्याला बापाबरोबर करण्यासारखी एवढी एकच गोष्ट उरलीये असं दिसतंय. आम्ही दोघं ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर, जातो. बेटाउनचं ह्यूस्टन रेसवे पार्क २०२३ मध्ये बंद झालं, तेव्हापासून एनिसच्या टेक्सास मोटरप्लेक्सला, म्हणजे एका बाजूने दोनशे मैल. पाव मैलाला आमची वेळ १६.१ सेकंद. शेजारच्या लेनमधली मिनीव्हॅन परवा आमच्या पुढे गेली. पोरगं परत येताना कोर्सिकानापर्यंत बोललं नाही.

प्रश्न एकच. स्टॉक इंजिन १०० एचपीचा शॉट, म्हणजे गॅसने मिळणारी तेवढी जादा ताकद, सोसेल का?

---

डिझेलबुवा

तुम्ही नको म्हणालात तरी मी दहाचाकीचंच विचारणार. आमच्या तीन गाड्या आहेत, सांगली ते भिवंडी. हा गॅस खंडाळा घाटात चालेल का?

---

बाळू_ह्यूस्टन

बुवा 😀 सांगितलं होतं ना!

---

रसायनवाली

मी गाड्यांमधली नाही, रसायनशास्त्र शिकवते. पण दर वेळी कुणीतरी "नायट्रस हे जबरदस्त इंधन आहे" असं लिहितं, म्हणून आधीच लिहून ठेवते. नायट्रस ऑक्साइड जळत नाही. तो स्वतः इंधन नाही, इंधन जाळायला जास्तीचा प्राणवायू आणून देतो, इतकंच.

एन-टू-ओ च्या रेणूत वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत साधारण २३ टक्के. सिलेंडरातल्या उष्णतेने रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि फुटताना वर थोडी उष्णताही देतो. दुसरा फायदा थंडाव्याचा. बाटलीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस. नळीतून बाहेर पडताच उकळतो आणि आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट, म्हणजे तिच्यातूनही थोडा जास्तीचा ऑक्सिजन.

आता हिशेब बघा. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलमागे सुमारे ९.६ भाग नायट्रस लागतो, वजनाने. म्हणजे नायट्रस वाढवला की त्या मापात पेट्रोल वाढलंच पाहिजे. ते वाढलं नाही तर काय होतं ते इंजिनवाल्यांनी सांगावं.

डिझेलबुवा, तुमच्यासाठी: डिझेल इंजिनात हवा बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते, ताकद डिझेलच्या मापावर ठरते. पंप आधीच वाढवून ठेवलाय आणि काळा धूर निघतोय, अशाच गाडीला नायट्रसचा उपयोग. तो उरलेला धूर जाळतो.

अवांतर: दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांत हेच तंत्र होतं, जीएम-१ नावाने. खूप उंचावर हवा विरळ, सुपरचार्जर अपुरा पडायचा, मग नायट्रस सोडायचे.

---

जुना_गराज

गिअरबॉक्स ४एल६०-ई आहे ना? इंजिनाआधी त्याचं बघा.

---

डिझेलबुवा

धन्यवाद ताई. धूर आमच्याकडे भरपूर आहे. बाटली किती वेळ पुरते?

---

स्पॅनर_दहाबारा

मी मिशिगनमध्ये इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, आणि तरुणपणी एक इंजिन नायट्रसने स्वतःच्या हाताने मारलंय. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

बुवा, ढोबळ मापाने १०० एचपीच्या शॉटला दहा सेकंदाला एक पौंडाच्या आतबाहेर गॅस जातो. १० पौंडाची बाटली म्हणजे शंभर सेकंद. खंडाळ्याच्या पहिल्या वळणालाच संपेल.

आता बाळू. "सोसेल का" याचं उत्तर हो. एलएम७ चं लोखंडी ब्लॉक दणकट आहे, कॉम्प्रेशन ९.५ म्हणजे मवाळ, आणि इथे ही इंजिनं भंगारवाल्याच्या अंगणात ढिगाने मिळत असल्यामुळे लोकांनी ती मरेपर्यंत वापरून पाहिलीत. नीट बसवलेला १०० चा शॉट या इंजिनाला फार नाही. पण "नीट" या शब्दातच सगळा खर्च आहे. दोनशे डॉलरचं किट दोनशेत बसत नाही.

नायट्रसमुळे मेलेलं इंजिन उघडलं की बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतो. माझ्या पाहण्यात मारेकरी हे:

पहिला, पेट्रोल कमी पडणं. वेट किटमध्ये दोन सोलेनॉइड असतात, एक गॅसचा, एक पेट्रोलचा. दोन्ही एकदम उघडतात आणि नोझलमधून दोन्ही एकत्र फवारले जातात. पेट्रोल तुझ्याच फ्युएल रेलमधून घ्यायचं. आता वीस वर्षांचा पंप, जुना फिल्टर. फुल थ्रॉटलला प्रेशर किती राहतं ते कधी मोजलंयस? या ट्रकला साधारण ५८ पीएसआय हवं. पेट्रोल आटलं आणि गॅस चालूच राहिला तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. मग डेटोनेशन (मिश्रणाचा आपोआप भडका), मग पिस्टनच्या दोन रिंगांमधली अ‍ॅल्युमिनियमची भिंत, जिला रिंग लँड म्हणतात, ती तुटते. म्हणून फ्युएल प्रेशर सेफ्टी स्विच हवाच. प्रेशर पडलं की तो गॅस तोडतो. तुझ्या मित्राच्या डबीत तो नसणार, पैज लावतो.

दुसरा, टायमिंग. ऑक्सिजन जास्त की ज्वाला भराभर पसरते, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. दर ५० एचपीला २ अंश मागे, हा जुना ठोकताळा. १०० ला ४ अंश. तुझ्या कंप्युटरला गॅस आलाय हे कळत नाही, त्यामुळे स्ट्रिपसाठी वेगळं ट्यूनिंग करून घे आणि घरी येताना जुनं परत टाक. प्लग एक पायरी थंड घे, एनजीके टीआर६ सगळे वापरतात, गॅप ०.०३५ इंच. पेट्रोल ९३.

तिसरा लोकांना पटकन समजत नाही म्हणून सविस्तर लिहितो. नोझलमधून गॅस सेकंदाला ठरावीक मापाने येतो. इंजिन हळू फिरतंय की जोरात, त्याला पत्ता नसतो. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलेंडर सेकंदाला ५० वेळा श्वास घेतो, २००० ला जेमतेम १७ वेळा. गॅस तेवढाच. म्हणजे खालच्या आरपीएमला प्रत्येक श्वासात तिप्पट डोस! टॉर्कच्या भाषेत, १०० एचपी म्हणजे ४००० आरपीएमला १३१ पाउंड-फूट, ३००० ला १७५. त्याखाली दाबलंस तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय तुझं इनटेक प्लॅस्टिकचं आणि कोरड्या हवेसाठी केलेलं. खालच्या आरपीएमला हवेचा वेग नसतो, पेट्रोल तळाशी साचतं, बॅकफायर झाला की इनटेकचे तुकडे बॉनेटला चिकटतात. म्हणून विंडो स्विच घे: ३२०० ते ५६०० च्या मधेच गॅस.

चौथा मारेकरी म्हणजे "आता जरा मोठा जेट टाकून बघू" असं म्हणणारा माणूस. माझं इंजिन त्याने मारलं.

---

मास्तर_नाशिक

स्पॅनररावांच्या प्रतिसादाला वाचनखूण ठेवली. तरी विरुद्ध बाजूने बोलतो. तेवढ्या पैशांत मागच्या एक्सलला ४.१० चे (जास्त ओढीचे) गिअर टाका, चांगलं ट्यूनिंग करा. रोज फायदा होईल, बाटली भरायला कुठे जायला नको. नायट्रस म्हणजे उसनं अवसान. आणि बदनामही फार. १९७६ च्या डेटोना ५०० या मोटार शर्यतीला ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या क्वालिफाइंगच्या वेळा याच गॅसपायी रद्द झाल्या होत्या.

---

बाळू_ह्यूस्टन

मास्तर, पटतंय. पण ४.१० घातले की हायवेला आरपीएम वाढणार आणि मी रोज ६० मैल जातो. नायट्रस बंद असला की गाडी होती तशी, हेच तर त्याचं आकर्षण. उसनं अवसान हवंच आहे, दर महिन्याला पंधरा सेकंद.

स्पॅनर, पैज जिंकलास. सेफ्टी स्विच नाही. विंडो स्विचही नाही. लाल झाकणाचा एक टॉगल आहे फक्त, विमानातल्यासारखा. पोराला तो सगळ्यात जास्त आवडला.

एक शंका. इथे ९३ चं पेट्रोल मिळतं. पुण्याचा भाऊ म्हणतो आमच्याकडे १०० सुद्धा मिळतं, तुमची अमेरिका मागे.

---

स्पॅनर_दहाबारा

भावाला सांग, आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे आहेत. भारतात पंपावर रिसर्च ऑक्टेन लिहितात, अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन्हींची सरासरी. तुझं ९३ म्हणजे तिकडचं साधारण ९८. आणि त्यांचं पूर्वीचं साधं ९१ म्हणजे तुझं ८७ च्या आसपास. १०० वाला तरीही पुढेच आहे, थोडासा.

---

कायद्याचं_बोला

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, कारण उद्या कुणीतरी थारला बाटली लावेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर दाबाखालच्या गॅसच्या बाटलीला गॅस सिलेंडर नियम २०१६ लागू. ते नियम बघणारं खातं, पेसो, नागपुरात आहे. बाळूसाहेबांचं राज्य वेगळं, कायदा वेगळा, त्यांनी तिकडचा बघावा. विमा कंपनीला मात्र दोन्हीकडे सारखंच वाटेल.

---

अनघा_के

इंजिनाची सगळ्यांना काळजी, बाटली कुठे ठेवणार ते कुणी विचारलंच नाही. एक्स्टेंडेड कॅबमध्ये मागच्या सीटपाशी ठेवतात लोक. सोळा वर्षांचं पोर शेजारी. ह्यूस्टनच्या उन्हात बंद गाडीत किती तापतं माहीत आहे ना? आणि तो गॅस हुंगायची मुलांमध्ये फॅशन आहे, तेही बघा. मी नर्स आहे. पाय बधिर होऊन आलेली विशीतली मुलं पाहिलीत. बी-१२ निकामी होतं त्याने.

---

रसायनवाली

अनघा, महत्त्वाचं बोललीस. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश सेल्सिअस. त्याच्यावर गेलं की दाब कितीही द्या, द्रव उरतच नाही, आणि बाटलीतला दाब भराभर चढतो. २१ अंशांना साधारण ७५० पीएसआय, ३० ला ९०० च्या पुढे. तापलेल्या केबिनमध्ये तर विचारूच नका.

हुंगण्याबद्दल: गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, १०० पीपीएम. घशाला आग लागते. दवाखान्यातला वेगळा. तरी कुलूप लावाच.

---

स्पॅनर_दहाबारा

बाटली मागे हौद्यात, पट्ट्याने नव्हे, पोलादी ब्रॅकेटने आणि मोठे वॉशर लावून. वर उन्हापासून आडोसा. व्हॉल्व्हचं तोंड पुढे, पुढची बाजू थोडी उचललेली, लेबल आकाशाकडे. आत वाकडी नळी असते, गाडी झेपावली की द्रव मागे सरकतो आणि नळीचं टोक त्यात बुडालेलं राहतं. उलटी बसवलीस तर नुसती वाफ येईल.

दाब ९०० ते ९५० ठेव. हिवाळ्यात हीटर लागेल, पण बाटलीचा हीटर, ज्योतीचा टॉर्च नव्हे! टॉर्चने तापवणारे महाभाग आहेत, त्यांच्या गाड्यांचे व्हिडिओ असतात. तू उन्हाळ्यात ओला टॉवेल घेऊन जा. दाब घसरला तर गॅस कमी येतो, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, गाडी मंदावते, नुकसान नाही. दाब चढला तर गॅस जास्त, पेट्रोल तेवढंच, म्हणजे लीन. चूक करायचीच तर थंड बाजूला कर.

जोडांना टेफ्लॉन टेप लावू नकोस. त्याचा एक धागा जेटमध्ये अडकला की संपलं, आणि तो नेमका पेट्रोलच्याच जेटमध्ये अडकतो.

---

जुना_गराज

गिअरबॉक्सचं कुणी बघितलं का?

---

डिझेलबुवा

मी खुर्ची घेऊन बसलोय. बाळूभाऊ, पुढचं टाका.

---

बाळू_ह्यूस्टन (पाच आठवड्यांनी)

मंडळी, काम झालं. उशीर झाला कारण प्रत्येक स्क्रूमागून एक प्रकरण निघालं.

आधी कॉम्प्रेशन बघितलं. सगळे १६५ ते १७५, सातवा १६०. स्पॅनर म्हणाला चालेल. मग फुल थ्रॉटलला फ्युएल प्रेशर. ५८ वरून ४९ ला उतरलं! म्हणजे गॅस न लावताच पंप दम टाकत होता. नवीन पंप, टाकी उतरवून. मी आणि पोरगं रात्री दहापर्यंत ड्राइव्हवेत. बायकोने तिथेच पोहे आणून दिले, पेट्रोलच्या वासाचे.

बाटलीवरचा तपासणीचा शिक्का बघितला तर आठ वर्षांपूर्वीचा. पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावी लागते, त्याशिवाय भरणारा हात लावत नाही. ती करून घेतली. सोलेनॉइड टेबलावर बारा व्होल्ट देऊन वाजवले. गॅसचा टकटक करतो, पेट्रोलचा गप्प. उघडला तर आत वार्निशसारखा थर, प्लंजर चिकटलेला. तसाच बसवला असता तर पहिल्याच बटणाला गॅस आला असता आणि पेट्रोल नाही. किट देणाऱ्या मित्राला फोन केला. तो म्हणे, "हां, म्हणूनच मी काढलं बहुतेक."

विंडो स्विच, प्रेशर स्विच, वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा), प्लग, ट्यूनिंग. दोनशेच्या किटचे अकराशे ऐंशी झाले. बायकोला आकडा सातशे सांगितलाय. ती इथे वाचत नाही.

थ्रॉटलची तार या ट्रकला नाही, पेडलखाली नुसता सेन्सर. म्हणून फुल थ्रॉटलचा सिग्नल पोराने त्याच्या व्होल्टेजवरून घेतला. ते त्याने एकट्याने केलं, मल्टिमीटर लावून. मला समजावून सांगताना "बाबा, लक्ष दे" म्हणाला. हे वाक्य आजवर उलट्या दिशेने जायचं.

शनिवारी एनिस. जेट ७५ चा लावणार. मोठा नाही, स्पॅनरची आण.

---

मास्तर_नाशिक

७५ ला माझा विरोध मागे. निकाल कळवा. बाकी अकराशे ऐंशीत ४.१० चे गिअर बसले असते, एवढंच नमूद करून खाली बसतो.

---

स्पॅनर_दहाबारा

पहिल्या रनला टॉगल लावूच नकोस. गार इंजिन, साधा रन, वेळ लिही. दुसऱ्याला गॅस. परत आल्यावर प्लग काढून भिंगाखाली बघ, सातवा आधी. चिनी मातीवर मिठासारखे चमकदार कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, तिथेच थांब. वाइडबँड ११.५ ते १२ च्या मधे हवा.

---

बाळू_ह्यूस्टन

१५.०!!!

साधा रन १६.०. मग ७५ चा गॅस, १५.० सपाट. वाइडबँड ११.६. प्लग स्वच्छ, आठही. आवाज फारसा बदलत नाही हो, मला वाटलं होतं विमान उडेल. मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या गिअरला मान मागे जाते.

पोराला एक रन दिला. १५.१. तो म्हणतो ०.१ माझ्या वजनाचं आहे. दोघांचं वजन सारखंच आहे.

---

डिझेलबुवा

शाब्बास रे पठ्ठ्या! मिनीव्हॅन आली होती का?

---

बाळू_ह्यूस्टन

नव्हती आली बुवा. दोनशे मैल जाऊन तेवढंच राहिलं.

पुढच्या महिन्यात १०० चा जेट. पेट्रोलचा जेटही जोडीने बदलणार, ट्यूनिंगमध्ये आणखी एक अंश मागे. हे "जरा मोठा बघू" नाही, मुळात ठरलेलं होतं.

---

स्पॅनर_दहाबारा

सगळे असंच म्हणतात. पण आकडे बरोबर आहेत, जा.

---

बाळू_ह्यूस्टन (एक महिन्याने, रात्री उशिरा)

एनिसहून टो ट्रकवर परत आलो.

इंजिन ठणठणीत आहे, आधीच सांगतो. १०० च्या शॉटला पहिला रन १४.७. पोरगं उड्या मारत होतं. दुसरा रन १४.७ च. तिसऱ्याला पहिला गिअर छान, दुसरा छान, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम रेस झालं, गाडी ढिली. ५६०० च्या पुढे गेलं तसा विंडो स्विचने गॅस तोडला, त्याने काम केलं. मी पाय काढला. परत येताना पहिला आणि दुसरा लागतात, तिसरा नाही, चौथाही नाही. नुसतं गुरगुरतं.

कंपनीचा दोष नाही, वीस वर्षं बिचाऱ्याने ट्रेलरसुद्धा ओढलाय. मीच त्याच्या डोक्यावर शंभर घोडे बसवले.

जुना_गराज काका, तुम्ही दोनदा विचारलं होतंत. आत्ता वर जाऊन पाहिलं. कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

---

जुना_गराज

असू दे. धाग्यात इंजिन असलं की गिअरबॉक्स कुणाला दिसत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला ट्रान्समिशनच्या दुकानात २२ वर्षं काढली, सवय आहे.

तिसरा आणि चौथा एकदम गेले म्हणजे ३-४ क्लच पॅक जळाला. या बॉक्समध्ये दोन्ही गिअरना तीच एक थप्पी लागते. पहिल्या-दुसऱ्याला तिची गरज नाही, म्हणून ते अजून लागतायत.

आता का जळाला ते सांगतो. क्लचच्या प्लेटा तेलाच्या दाबाने एकमेकींवर दाबल्या जातात. किती दाबायच्या ते कंप्युटर ठरवतो. तो बघतो की इंजिन आत्ता किती टॉर्क देतंय. आणि ते त्याला कुठून कळतं? मुख्यतः एअरफ्लो सेन्सरवरून, आत किती हवा गेली त्यावरून. तुमचं नोझल सेन्सरच्या पुढे, थ्रॉटलच्या तोंडाशी. गॅस सेन्सरला न भेटताच आत गेला. कंप्युटरला वाटलं, इंजिन रोजचंच आहे, आणि त्याने तेलाचा दाबही रोजचाच दिला. वरचा शे-सव्वाशे पाउंड-फूट टॉर्क त्याच्या हिशेबातच नाही. प्लेटा घसरल्या. घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. पहिले दोन रन चांगले वाटले तेव्हाच अर्ध्या जळल्या असतील.

दुसरं, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तुमचं इंजिन ५६०० वरून सुमारे ३४०० वर येतं. गिअरचं माप १.६३ वरून १ होतं, भागून बघा. तुमची खिडकी ३२०० ते ५६००. म्हणजे बदल चालू असताना, प्लेटा अजून एकमेकींना धरतच असताना, गॅस पूर्ण चालू. स्पॅनररावांनी खिडकी इंजिनासाठी बरोबर लावली. बॉक्सला कुणी विचारलं नाही.

---

स्पॅनर_दहाबारा

मान्य. सपशेल. टेस्ट सेलमध्ये इंजिनाला गिअरबॉक्स नसतो, डायनो (ताकद मोजणारं यंत्र) असतो. माझ्या डोक्यात तो आलाच नाही.

बाळू, सॉरी रे.

---

बाळू_ह्यूस्टन

तू कशाला सॉरी. इंजिन जिवंत आहे ते तुझ्यामुळे.

काका, आता काय करू? बॉक्स बदलून घ्यायचा की हाच उघडायचा? आणि परत गॅस लावायचा झाला तर?

---

जुना_गराज

आधी तेल बघा. डिपस्टिक काढून वास घ्या. करपलेल्या टोस्टसारखा आला तर नुसता क्लच घालून भागणार नाही, बारीक चुरा सगळीकडे फिरलाय. मग बॉक्स पूर्ण उघडायचा, कूलर धुवायचा, इंजिन आणि बॉक्स जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर नवा घ्यायचा. जुना कन्व्हर्टर ठेवलात तर त्यातला चुरा नव्या बॉक्समध्ये जातो. लोक तिथेच पैसे वाचवतात आणि तीन महिन्यांनी परत येतात.

पुन्हा गॅस लावायचा तर स्ट्रिपच्या ट्यूनिंगमध्ये लाइन प्रेशर (क्लच दाबणाऱ्या तेलाचा दाब) वाढवून घ्या, ३-४ चा पॅक जास्त प्लेटांचा बसवा, मोठा कूलर लावा, आणि गिअर बदलत असताना गॅस तुटेल अशी सोय करा. पोराला सांगा, त्याला व्होल्टेज कळतं. तो करेल.

---

मास्तर_नाशिक

४.१० चं मी काही बोलत नाही.

---

डिझेलबुवा

मास्तर, बोललातच की.

---

बाळू_ह्यूस्टन

आत्ताच डिपस्टिक काढली. टोस्ट नाही, करपलेली भाकरी. तेल कॉफीसारखं काळं.

पोरगं पॅनचे बोल्ट ढिले करतंय, सोळा आहेत म्हणतो. खाली परात ठेवलीये, घरातली. पॅनमधल्या मॅग्नेटचा फोटो टाकतो. काका, झोपू नका.

---

जुना_गराज

जागा आहे. परात परत स्वयंपाकघरात नेऊ नका.